मातीखालची वर्गणी

माझ्या थोरल्या बहिणीला सगळा परिसर 'डबलबेल' म्हणतो आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट कोणी अदबीने 'बाई' म्हणून हाक मारली, तर ती मागे वळून बघते, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. उभा जन्म तिने बसमध्ये तिकिटं फाडली. तिने दोनदा घंटा वाजवली की गाडी हलणार म्हणजे हलणार, मग मागून धावत येणारा तिचा सख्खा भाऊ का असेना. हे मी ऐकीव सांगत नाही, मीच तो भाऊ. भर दुपारी मला रस्त्यात हात हलवत ठेवून ती निघून गेली आणि संध्याकाळी घरी आल्यावर वर मलाच म्हणाली, "वेळेवर निघायला काय धाड भरली होती तुला?"

माझं सलून बागेच्या फाटकासमोर आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, पाण्याची फवारणीची बाटली आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेलं असतं, वर माझ्या हातात वस्तरा, त्यामुळे माझं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. त्यातूनच मला बोलायची सवय लागली. ताई मला 'कात्र्या' म्हणते. चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर, कुठेही. मी आजोबा झालो तरी कात्र्याच.

बसमध्ये तिचा एक शिरस्ता होता. मागून सुरुवात करायची, पुढे संपवायचं, मधलं कोणी सुटता कामा नये. झोपेचं सोंग घेणाऱ्याला जागं करणं तर तिच्या हातचा मळ. हलवायची नाही, ओरडायची नाही. त्याच्या शेजारच्याला गोड आवाजात विचारायची, "यांचंही तिकीट तुम्हीच काढताय ना?" शेजारचा दचकायचा आणि कोपराने ढोसून त्याला उठवायचा. चिकटाला उठवायला दुसरा चिकटच लागतो, असं तिचं म्हणणं.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, अगदी उलट्या स्वभावाचा. तेही बसस्टँडवरच होते, पण काचेच्या खोलीत, माइकसमोर. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचं मूल चुकलं, कोणाची पिशवी सापडली, सगळं त्यांच्या तोंडून यायचं. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही माणसं शांतपणे बाकावर बसायची. घरीसुद्धा तोच थाट. "चहा तयार आहे, प्रवाशांनी आपापले कप ताब्यात घ्यावेत." ताई म्हणायची, "पुरे तुमचं," आणि पाठ वळवून हसायची. बेकरीच्या वरच्या त्या दोन खोल्यांत खालून भाजलेल्या पावाचा वास आणि वरून या माणसाचा आवाज. मी जायचो तो त्यासाठीच. ताईच्या शिव्या काय, मला दुकानात बसूनही मिळायच्या.

आमच्या बागेत दर वर्षी दोन दिवस मेळा भरतो. रोपांचे, जुन्या पुस्तकांचे, खाण्यापिण्याचे स्टॉल, मुलांच्या शर्यती, संध्याकाळी गाणी. निवृत्त झाल्यावरही या मेळ्याचा माइक भाऊजींकडेच असायचा. विजेचं म्हणाल तर सगळा आनंदीआनंद. पंपाच्या खोलीतून एक वायर निघायची, फांद्यांवरून लोंबकळत स्टेजपर्यंत यायची आणि वाटेत जिथे जिथे तुटली असेल तिथे चिकटपट्टी. त्या एका वायरीला सगळे स्टॉलवाले येऊन चिकटायचे. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे पुढेही काही व्हायचं नाही, असा आम्हा सगळ्यांचाच हिशेब होता.

मागच्याच्या मागच्या मेळ्यात तो हिशेब चुकला. हिरवीगार दिसावी म्हणून माळ्याने सकाळी हिरवळ भरपूर भिजवली होती. स्टेज म्हणजे तरी काय, गवतावर अंथरलेलं जाजम. भाऊजींना नवे बूट चावत होते, ते त्यांनी काढून ठेवले, पुढे झाले आणि माइक हातात घेतला. मी दुकानाच्या दारातून बघत होतो. एक शब्द अर्धा बाहेर पडला आणि माणूस मागे फेकला गेला. कोणीतरी पंपाच्या खोलीकडे धावलं, कोणीतरी किंचाळलं. मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही.

वाचले. देव म्हणा, दैव म्हणा, वाचले. तळहातावर भाजल्याची खूण राहिली, तीही पुढे पुसट झाली. डॉक्टरांनी हात तपासला, छाती तपासली, घसा तपासला आणि सगळं ठीक आहे म्हणाले. पण भाऊजींचं बोलणं गेलं. मुके झाले असं नाही. 'हो', 'नको', 'ठेव तिथे', एवढं चालायचं. उजवा हात खिशात घालून खिडकीपाशी बसून राहायचे. त्या दिवसाबद्दल घरात बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण कोणी बोलत नव्हतं. ताई चिडून बघायची, चेष्टा करून बघायची, मुद्दाम चहा खारट करून बघायची. ते खारट चहा प्यायचे आणि कप खाली ठेवायचे.

एकदा ती दुकानात आली, गिऱ्हाईक नव्हतं, रिकाम्या खुर्चीवर धपकन बसली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "कात्र्या, मला माझा माणूस परत पाहिजे. हा जो घरात बसलाय ना, हा चांगला आहे, पण हा तो नाही. मला त्या घरात आवाज पाहिजे."

मी म्हटलं, "होईल गं हळूहळू."

"हळूहळू काही होत नसतं. हळूहळू फक्त दूध नासतं."

त्यात नगरपालिकेचं फर्मान आलं. बागेतली वीज नीट केल्याशिवाय मेळ्याला परवानगी नाही. केबल जमिनीखालून न्यायची, अर्थिंग करायचं, गळती झाली की आपोआप पडणारा खटका बसवायचा. निम्मा खर्च नगरपालिका देईल, निम्मा रहिवाशांनी उभा करायचा. पुढच्या मेळ्याआधी जमलं तर ठीक, नाहीतर मेळा बंद, कायमचा.

बागेच्या वाचनालयात मेळा समितीची बैठक बसली. घडीच्या खुर्च्या, पंख्याचा खडखडाट आणि समोर अध्यक्ष. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान आहे, माणूस वाईट नाही, पण त्याला नाव दिसलं पाहिजे. दुकानावर नाव, गाडीवर नाव, छत्रीवरसुद्धा नाव. त्यांनी तोडगा काढला. जो दिव्याच्या खांबाचे पैसे देईल, त्याचं नाव खांबावर कोरायचं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आणि हो, लोक तुटून पडले की! चारच दिवसांत खांब संपले. चष्मेवाल्याला फाटकाजवळचाच खांब पाहिजे. औषधवाल्याला चष्मेवाल्याच्या पुढचा. दोन सख्खे भाऊ, एकाच खांबावर नाव नको म्हणून भांडले. ज्यांना खांब मिळाला नाही ते रुसले. आता समितीने काय करावं? कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बाबांनो, खांब संपले, आता केबलला द्या. आमची समिती म्हणाली, दिवे वाढवू!

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी वाढीव दिव्यांचा नकाशा भिंतीला लावला. बाग कसली, लग्नाचा मांडव दिसत होता. ताई मागच्या रांगेत बसली होती. ती उठली.

"केबलला किती जमले?" तिने विचारलं.

अध्यक्ष घुटमळले. "त्याला अजून... प्रतिसाद नाही."

"अर्थिंगला?"

"अहो, जमिनीखाली जाणाऱ्या गोष्टीला कोण पैसे देणार? दिसत काहीच नाही. मी म्हणतो, यंदा दिवे लावून घेऊ. झगमगाट दिसला की नगरपालिकाही खूश होईल. केबलचं पुढच्या वर्षी बघू. तोवर ती जुनी वायर..."

पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. बसमध्ये मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचणारा आवाज त्या छोट्या खोलीत फुटला. "ती जुनी वायर? ज्या वायरीने माझा नवरा फेकला, तिच्यावर तुम्ही आणखी दिवे लटकवणार? चाकं नाहीत आणि गाडीला झालरी लावताय? लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला!" पंखा तेवढा खडखडत राहिला. मग तिचा आवाज जरा खाली आला. "दिवे तुमचे तुम्हाला लखलाभ. जमिनीखालचं सगळं मी बघते."

"तुम्ही एकट्या?" अध्यक्ष म्हणाले.

"गाडीत कंडक्टर एकच असतो," ताई म्हणाली आणि निघाली.

घरी जाऊन तिने माळ्यावरून आपली जुनी चामड्याची पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून बाई रस्त्यावर. मागून सुरुवात, म्हणजे बागेमागच्या गॅरेजपासून. पुढे शेवट, म्हणजे माझं दुकान. मधलं कोणी सुटलं नाही. भांड्यांच्या दुकानाचा मालक तिला बघून हिशेबात डोकं घालून बसला, तर तिने त्याच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "मालकांचंही तुम्हीच देताय ना?" मालक दोन मिनिटांत जागा झाला. पण अशाने किती जमणार? लोक लाजेकाजेस्तव द्यायचे, सुटे द्यायचे. खांबाला हात सैल सोडणारी माणसं केबलला हात आखडता घ्यायची. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "पण दिसणार काय?"

आठवडाभर हिंडून ताईच्या पायांचे तुकडे पडले. पिशवी निम्मीही भरली नाही. दुकानात येऊन बसली तर मी तिला पहिल्यांदाच गप्प बघितली.  एका घरात दोघंही गप्प बसले तर कसं व्हायचं?

त्याच वेळी लाँड्रीवाला दाढीला आला होता. गालावर साबण, मान मागे. त्याने डोळे मिटूनच खिशातून पैशांची घडी काढली आणि ताईच्या हातात कोंबली. घडी चांगली जाड होती.

"एवढे?" ताई म्हणाली. "मग खांब का नाही घेतलास?"

"खांबावर नाव लागलं तर घरी विचारतील, पैसे कुठून आणले. आणि मला लावायचंय ते नाव माझं नाहीच." तो थांबला. मी वस्तराही थांबवला. "माझा एक भाऊ होता. घरातून भांडून गेला, परत आला नाही. आमच्या घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे. खांबावर कसं लावू?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली लाव."

"खाली कुठे?"

"जमिनीखाली. केबलचा पाइप आला की त्याच्यावर तू स्वतः नाव लिही आणि आपण त्याच्यावर माती टाकू. कोण वाचतंय?"

लाँड्रीवाल्याच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी तो उठेना. त्याला ते इतकं पटलं की त्याने जाता जाता आणखी पैसे दिले आणि दाढी अर्धीच घेऊन निघाला. मी त्याला हाक मारून परत बसवला.

मग काय, डबलबेलला घंटाच सापडली. दुसऱ्या दिवशी तिची हाळी बदलली. "ज्यांना मिरवायचंय त्यांनी खांबाकडे जा. ज्यांना मिरवायचं नाही त्यांनी माझ्याकडे या. एक हात लांब पाइपाचे पैसे द्या, हवं ते लिहा, कोणी वाचणार नाही, माझी जबान!" नगरपालिकेने आगाऊ आणून टाकलेले काळे पाइप बागेच्या भिंतीशी रचलेले होते. तिने त्यांच्याभोवती जुन्या चादरींचा आडोसा केला, पांढऱ्या रंगाचा डबा ठेवला, ब्रश ठेवला आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. एकावेळी एकाने आत जायचं. बाहेर आला की दुसरा.

पहिल्या दिवशी दोघंतिघं आले. मग रांग लागली. खरं सांगतो, मी इतकी वर्षं या लोकांची डोकी भादरतोय, मला वाटायचं यांचं सगळं मला ठाऊक आहे. कसलं काय! ज्या मास्तरणीला मी कधी हसताना बघितलं नाही, ती आतून लाजत बाहेर आली. गॅरेजवाला आत गेला तो बराच वेळ बाहेरच येईना, आला तर डोळे लाल. "रंगाचा वास फार आहे," म्हणाला. चष्मेवाला आणि औषधवाला, खांबासाठी भांडलेले, दोघंही गुपचूप येऊन गेले. एक म्हातारी तर रोज यायची आणि रोज एकेक हात घ्यायची. ताईने शेवटी विचारलं, "आजी, आहेत तरी किती?" म्हातारी म्हणाली, "मी खूप जगलेय गं."

मला राहवेना. सलूनवाल्याला गुपित जवळ आहे म्हटलं की हात शिवशिवतात. ताई घरी जेवायला गेली असं बघून मी चादर सारली. अर्धा पाय आत टाकला असेल नसेल, मागून आवाज, "कात्र्या, आधी पैसे." ती झाडामागे डबा उघडून जेवत बसली होती! दिले पैसे. लिहिलंही. काय लिहिलं ते सांगणार नाही, उगाच विचारू नका.

पिशवी भरली, मग दुसरी पिशवी आणावी लागली. अध्यक्ष एका संध्याकाळी इकडेतिकडे बघत आले. ताईने काही विचारलं नाही, नुसता ब्रश पुढे केला. ते आत गेले. नाव दिसलं पाहिजे म्हणणारा तो माणूस आत जाऊन कोणाचं नाव लिहून आला, देव जाणे. पण पुढच्या बैठकीत त्यांनी वाढीव दिव्यांचा नकाशा स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढला आणि केबल आधी, असं जाहीर केलं. तेव्हा ताईनेही टाळ्या वाजवल्या.

फक्त एक माणूस आला नाही. भाऊजी. ताई रोज घरी जाऊन सांगायची, आज अमका आला, आज तमका रडला. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं." बागेचं नाव निघालं की हात खिशात आणखी खोल जायचा.

काम झकास झालं. नगरपालिकेचा वायरमन होता कामाला, हसरा माणूस. त्याने चर खणून घेतला, पाइप टाकले, केबल ओढली, आणि माती पडताना सगळा परिसर काठावर उभा होता, आपापला हात कुठे आहे ते डोळ्यांनी शोधत. स्टेजशेजारी राखाडी रंगाची विजेची पेटी बसली. वायरमनने मुद्दाम गळती करून दाखवली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत खटका पडला. त्याने तसं तीनचारदा करून दाखवलं. ताई दर वेळी दचकली. कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. माझी ही वाघीण बहीण जगात दोनच गोष्टींना घाबरते, पाल आणि वीज. लहानपणी घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा ती लाकडी काठीने दाबायची.

मेळ्याच्या दिवशी सकाळी ऊन छान पडलं होतं. मी दुकानाचं दार लावून घेतलं. नवे खांब, खांबांवर नावं, नावांखाली आपलं नाव बरोबर कोरलंय ना ते बघणारी माणसं. ताईने भाऊजींना 'माझी पिशवी सांभाळायला चला' एवढंच सांगून आणलं होतं. ते शेवटच्या रांगेत बसले, मांडीवर पिशवी, एक हात पिशवीवर, दुसरा खिशात. चेहरा पांढराफटक.

अध्यक्ष माइककडे निघाले. ताईने त्यांना दंडाला धरून थांबवलं. मग ती माळ्याकडे वळली. "पाण्याचा पाइप इकडे आण."

"इथे?" माळी म्हणाला.

"इथेच. भिजव."

माळ्याने वायरमनकडे बघितलं. वायरमन धावत आला. "बाई, अहो काय करताय? सगळं तपासलंय मी. खटका पडतो हे तुम्ही बघितलंय ना?"

"मी बघितलंय. तुला पटलंय, मलाही पटलंय," ताई हळूच म्हणाली. "ज्याला पटायला पाहिजे तो तिकडे मागे बसलाय."

वायरमन मागे सरला. जाऊन पेटीपाशी उभा राहिला, हात बटणाजवळ ठेवून. माळ्याने जाजम बाजूला ओढून हिरवळ भिजवली, अगदी चिखल होईपर्यंत. ताईने चपला काढल्या आणि त्या चिखलात जाऊन उभी राहिली. मी पुढेच होतो. तिच्या पायांची बोटं आत वळली होती, मातीत रुतली होती. ओठ घट्ट मिटलेले. मला ओरडावंसं वाटलं, ताई राहू दे, नको. पण तिला थांबवणं मला आजवर कधी जमलंय?

तिने दोन्ही हातांनी माइक धरला.

काही झालं नाही. काही म्हणजे काहीच झालं नाही. तिने डोळे उघडले, श्वास सोडला, आणि मग बसमध्ये ओरडायची तशी ओरडली, "मेळा सुरू झालेला आहे! पुढे सरका! दारात उभं राहू नका!" माइक तिने जवळजवळ तोंडात घातला होता. कर्ण्यातून अशी कर्कश किंकाळी निघाली की झाडावरचे पक्षी उडाले. लोक कानांवर हात ठेवून हसायला लागले. तिने पुन्हा ओरडायला तोंड उघडलं.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली.

भाऊजी उठले होते. पिशवी खुर्चीवर ठेवून ते मधल्या वाटेने पुढे यायला लागले. हसणारे एकेक करून गप्प झाले. ओल्या हिरवळीच्या कडेला येऊन ते थांबले. तिच्या पायांकडे बघितलं, चिखलात रुतलेल्या बोटांकडे. किती वेळ बघत उभे होते कोण जाणे.  मग त्यांनी वाकून चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि पाय चिखलात टाकला. दोन पावलं. खिशातला हात बाहेर आला, वर गेला आणि माइक धरलेल्या तिच्या हातांवर जाऊन बसला. बहुतेक ते तिला 'लांब धर' असं सांगायला आले असावेत. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"तुला लागलं नाही ना गं?"

माइक चालू होता. बसस्टँडवरचा तो जुना, भरलेला आवाज प्रत्येक खांबावरच्या कर्ण्यातून अख्ख्या बागेत घुमला. कोणी हललं नाही. लाँड्रीवाला माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझा हात धरला.

ताई त्यांच्याकडे बघत होती. रागावून नाही, चेष्टेने नाही. वर्षभर तिने त्यांना हजार गोष्टी ऐकवल्या होत्या, पण ही एक विचारली नव्हती. ती आता तिने विचारली, आणि तीही सगळ्या बागेने ऐकली.

"मला नाही हो लागलं," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हा किती लागलं असेल?"

भाऊजींनी माइकचं बटण बंद केलं. आणि तिथेच, त्या चिखलात उभे राहून, तिचे हात न सोडता, ते तिला सांगायला लागले. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते ओठ हलताना दिसत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. अध्यक्ष घड्याळ बघत पुढे झाले, त्यांना मी मागे ओढलं. मी ढसाढसा रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. भाऊजींचं सांगणं बराच वेळ चाललं. तेवढा वेळ मेळा थांबला.